मराठी माध्यमाचे आंतरराष्ट्रीय मंडळ : एका अल्पायुषी संस्थेचा इतिहास

संस्थांचे इतिहास बहुधा त्यांना पन्नास-पंचाहत्तर वर्षे झाली की लिहिले जातात. पायाभरणी, पहिली इमारत, देणगीदार, आजी-माजी अध्यक्ष हा त्यांचा क्रमही ठरलेला असतो. महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाच्या वाट्याला एवढे आयुष्य आले नाही. २०१८ मध्ये ते कामाला लागले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याचा रौप्यमहोत्सव कधी होणार नाही आणि त्याचे दप्तर उघडून बसायला कुणाला सवडही मिळणार नाही. म्हणून शिक्षकांच्या या स्मरणिकेत त्याच्यासाठी चार पाने राखावीत असे मला वाटले. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेने जगाच्या तोडीचे शिक्षण द्यावे आणि तशा शाळांनी एकमेकींचा हात धरून राज्यभर जाळे विणावे, हा विचार त्या मंडळाने उघडपणे मांडला होता. परभणीसारख्या जिल्ह्याने तो विसरून चालणार नाही.

आपल्याकडे 'इंटरनॅशनल' हा शब्द पाट्यांवर उदंड झाला आहे. जिंतूर रस्त्याला लागा नाहीतर गंगाखेडकडे जा, पिवळ्या बसवर तो दिसतोच. त्या बसमधून जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात मात्र बहुतेक ठिकाणी राज्य मंडळाची नाहीतर सीबीएसईची पुस्तके असतात. या पुस्तकांत काही कमीपणा नाही. पण त्यामुळे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम म्हणजे इंग्रजी माध्यम, टाय, बूट आणि मोठी फी अशी पालकांची समजूत होऊन बसली आहे. मंडळाचा इतिहास सांगायचा तर आधी ही समजूत बाजूला ठेवून मुळाशी जावे लागते, आणि मूळ आहे जिनिव्हात.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या संस्थांची कचेरी जिनिव्हात आली. देशोदेशींचे अधिकारी बायकामुलांसह तिथे राहायला आले. त्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. खालच्या वर्गांत मुले एकत्र शिकत. वरच्या वर्गांत गेली की त्यांची फाटाफूट होई, कारण फ्रेंच मुलाला बाकालोरिया द्यायची असे, इंग्रज मुलाला इंग्लंडमधली परीक्षा, अमेरिकन मुलाला त्यांच्या कॉलेज बोर्डाची परीक्षा आणि स्विस मुलाला मॅट्युरिटे. एकाच शाळेतल्या एकाच वयाच्या मुलांना चार तुकड्यांत बसवून चार प्रकारे शिकवावे लागे. शिवाय वडिलांची बदली झाली की मुलाचे वर्ष वाया जाण्याची भीती असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा शाळा वाढल्या. १९५१ मध्ये त्यांनी आपला संघ स्थापन केला, त्याचे नाव इंटरनॅशनल स्कूल्स असोसिएशन. या संघाची सुरुवात फार लहान होती आणि त्याच्याकडे अधिकार म्हणावे असे काही नव्हते. जिनिव्हाच्या शाळेत इतिहास शिकवणारे रॉबर्ट लीच संघाच्या वतीने निरनिराळ्या देशांतल्या शाळा पाहून आले. १९६२ मध्ये इतिहासासारखी सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या शिक्षकांची परिषद जिनिव्हात भरली आणि समकालीन इतिहासाचा एक सामाईक अभ्यासक्रम करून पाहावा असा विचार तिथे पुढे आला. सर्व विषयांचा आराखडा त्यांनी एकदम मांडला नाही. एक विषय घेतला, एक प्रश्नपत्रिका काढली, ती मुलांना देऊन पाहिली. पुढे १९६४ मध्ये परीक्षांसाठी वेगळे मंडळ झाले, फोर्ड फाउंडेशन आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड यांचा पैसा मिळाला, ऑक्सफर्डचे अलेक पीटरसन या कामात उतरले आणि १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आज आपण ज्याला आयबी म्हणतो, ती संस्था उभी राहिली. पीटरसन तिचे पहिले महासंचालक होते. आज जगभरात ५,००० हून अधिक शाळा हे अभ्यासक्रम चालवतात. त्याचे बीज वर्गावर शिकवणाऱ्या इतिहासाच्या मास्तरांच्या बैठकीत पडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

भारतात हा अभ्यासक्रम पहिल्यांदा आला तो १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेत. १९८३ पासून भारतीय विद्यापीठ संघाने आयबी डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीची मान्यता दिली. ही मान्यता नसती तर इथला एकही पालक त्या वाटेला गेला नसता. महाराष्ट्रात १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी त्याच्या वास्तू आखल्या आणि अनेक देशांची मुले तिथे दोन वर्षे राहून शिकू लागली. त्यानंतरच्या दशकांत मुंबई-पुण्यात आयबीच्या आणि केंब्रिजच्या शाळा भराभर निघाल्या. केंब्रिजची परंपरा वेगळी आहे. तिथल्या विद्यापीठाचे परीक्षा मंडळ १८५८ चे, आणि आज ओळखली जाणारी आयजीसीएसई परीक्षा १९८८ पासूनची.

शाळा वाढल्या तसे त्यांचे संघही झाले. मुंबईच्या शाळांचा मुंबई इंटरनॅशनल स्कूल्स असोसिएशन हा संघ आहे, देशपातळीवर आंतरराष्ट्रीय शाळांचा संघ आहे, दक्षिण आशियातल्या आयबी शाळांचाही आहे. असा संघ चालवणे म्हणजे काय काम असते, हे आपल्या शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. मुख्य काम मुलांच्या स्पर्धांचे नसते. मुख्य काम असते एकाच विषयाच्या शिक्षकांना एका टेबलाभोवती बसवण्याचे. दहा शाळांतले रसायनशास्त्राचे शिक्षक एकत्र येतात, आपापल्या मुलांच्या प्रकल्पवह्या सोबत आणतात, एकमेकांनी दिलेले गुण ताडून पाहतात. मुळात आयबीची रीतच अशी आहे की शाळेने दिलेल्या अंतर्गत गुणांचे नमुने बाहेरच्या नियंत्रकाकडे जातात आणि गुण सैल दिले असतील तर ते खाली येतात. तेव्हा संघाच्या बैठकीत गुणांची शिस्त आधीच लागलेली बरी असते. त्याशिवाय मान्यतेच्या पाहणीची तयारी, नव्या शिक्षकांचे प्रशिक्षण, सरकारकडच्या ना-हरकत प्रमाणपत्राचे आणि अकरावी प्रवेशाचे प्रश्न, सगळ्या शाळांना एकदम भेडसावणाऱ्या शासन आदेशांवर चर्चा. स्पर्धा करणाऱ्या, एकमेकींचे विद्यार्थी पळवू शकणाऱ्या शाळा या कामासाठी एकत्र बसतात, कारण एकट्या शाळेला ते झेपत नाही.

या सगळ्याचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध जुळला तो २०१८ मध्ये. त्याआधी २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला होता. प्रत्येक मूल शिकले पाहिजे असा त्याचा आग्रह होता आणि त्या काळात अनेक गावांत शिक्षकांनी लोकवर्गणीतून शाळांचे रूप पालटले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यातली सर्वांत गाजलेली. गावकऱ्यांनी जमीन दिली, काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, इंग्रजी शाळेत गेलेली मुले परत आली आणि प्रवेशासाठी रांग लागली. दत्तात्रय वारे गुरुजींच्या त्या शाळेने एक प्रश्न सरकारपुढे उभा केला : वाडीवरची मराठी शाळा हे करू शकते, तर तिला त्या तोडीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापन का मिळू नये?

तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या काळात या प्रश्नाला उत्तर म्हणून महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले. लडाखमध्ये शिक्षणाचे वेगळे प्रयोग करणारे सोनम वांगचुक यांचाही या मंडळाशी संबंध जोडला गेला. परदेशी मंडळाचा महागडा परवाना विकत घेण्याऐवजी राज्याने स्वतःचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा अभ्यासक्रम तयार करायचा, तो मराठीतून शिकवायचा आणि सरकारी शाळेत, कुठलीही जादा फी न घेता शिकवायचा, असा तो संकल्प होता. पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदांच्या १३ शाळा निवडल्या गेल्या. त्यांना 'ओजस' शाळा म्हणायचे ठरले. प्रत्येक ओजस शाळेने आणखी नऊ शाळा घडवायच्या, त्या 'तेजस'. पुढे मंडळाशी जोडलेल्या शाळांची संख्या ८१ वर गेली.

एक शाळा आणि तिच्याभोवती नऊ शाळा, ही रचना ज्याने सुचवली त्याला महाराष्ट्राचे प्राथमिक शिक्षण आतून माहीत होते. आपली केंद्रशाळेची पद्धत जवळजवळ हीच आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, महिन्याला एक शिक्षण परिषद. राज्यात अशी ४,८६० केंद्रे आहेत. जिनिव्हाच्या संघाने जे जाळे शून्यातून विणले ते आपल्याकडे कागदावर तयार आहे, गावागावांपर्यंत पोहोचलेले आहे. फरक इतकाच की तिथे शिक्षक स्वतःच्या गरजेपोटी जमले, आपल्याकडे परिपत्रकामुळे जमतात, आणि बहुतेक वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो. ओजस शाळांकडून अपेक्षा होती ती या बैठकींना शिकण्या-शिकवण्याचा विषय परत मिळवून देण्याची. ती पूर्ण व्हायला पाच-सात वर्षे लागली असती.

तेवढी वर्षे मिळाली नाहीत. २०१९ च्या अखेरीस राज्यात नवे सरकार आले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी हे मंडळ बंद करण्याचे जाहीर केले. त्याच फेब्रुवारीत विधिमंडळाने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा मंजूर केला. म्हणजे परदेशी मंडळांच्या शाळांत मराठी नेण्याचा कायदा झाला आणि मराठी शाळेत आंतरराष्ट्रीय दर्जा नेणारे मंडळ मिटले, दोन्ही एकाच महिन्यात. पुढच्याच महिन्यात कोरोनामुळे शाळांना टाळे लागले आणि या विषयावरची चर्चा तिथेच थांबली.

मंडळ बंद होण्याचे खापर एका सरकारवर फोडणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळामागे १९६५ चा कायदा उभा आहे, त्यामुळे कितीही सरकारे बदलली तरी दहावीची परीक्षा होते. या मंडळाचा जन्म शासनाच्या निर्णयातून झाला होता, आणि निर्णयाने जन्मलेले निर्णयाने संपू शकते. दुसरे कारण जास्त खोलवरचे आहे. जिनिव्हात आधी शिक्षकांचा संघ झाला, मग एका विषयाची परीक्षा झाली, मग मंडळ झाले. आपण आधी मंडळ केले. शाळांची निवड वरून झाली, पुस्तके वरून आली, प्रशिक्षणे वरून आली. आपल्या नऊ शाळांची म्हणून एक बैठक, एक सामाईक प्रश्नपत्रिका, एकमेकांच्या मुलांचे काम तपासण्याची सवय, एवढे जरी खाली मुरले असते तर मंडळ गेल्यावर निदान संघ उरला असता. मंडळाला वेळ मिळाला नाही हे खरे, पण आरंभच उलट टोकाकडून झाला हेही तितकेच खरे आहे. यात त्या ८१ शाळांतल्या शिक्षकांचा दोष नाही. त्यांनी आपली मुले त्या अभ्यासक्रमात विश्वासाने बसवली आणि नंतर तीच मुले पुन्हा राज्याच्या अभ्यासक्रमात आणण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. या शिक्षकांची नोंद कुठल्या इतिहासात होईल असे वाटत नाही, म्हणून ती इथे व्हावी.

मंडळाचा विचार चुकीचा नव्हता, याचे पुरावे नंतर एकामागून एक आले. मंडळ बंद झाल्याच्या वर्षीच, ३ डिसेंबर २०२० रोजी, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मुंबई महापालिकेने २०२१ च्या सुमारास आयबी आणि केंब्रिज या दोन्ही मंडळांशी करार करून विलेपार्ले आणि माटुंगा इथे आपल्या शाळांत हे अभ्यासक्रम मोफत सुरू केले. वारे गुरुजी वाबळेवाडीनंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेत गेले आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. या उदाहरणांत एक उणीव मात्र आहे. ती एकेका माणसाची किंवा एका श्रीमंत महापालिकेची आहेत. परितेवाडीच्या शेजारच्या नऊ शाळांचे काय झाले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मंडळाने नेमका तोच प्रश्न विचारला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू आणि सोनपेठ असे आपले नऊ तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ आणि साक्षरता ७३.३४ टक्के होती. राज्याची साक्षरता तेव्हा ८२ टक्क्यांच्या वर होती. निजामाच्या राजवटीत इथले वरचे शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी शाळा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवल्या. सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या संस्था त्या जिद्दीतून वाढल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपल्यावर शाळा पोहोचल्या, पण दर्जाचे अंतर पूर्ण भरून निघाले नाही.

अशा जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची भाषा करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. जिनिव्हाची शाळा कशासाठी निघाली होती ते मात्र आठवावे. आईवडिलांच्या कामामुळे ज्या मुलांना गाव बदलावे लागते, त्यांचे शिक्षण तुटू नये, एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी मानले जावे, यासाठी तो सगळा खटाटोप होता. आपल्याकडे अशी मुले किती आहेत! दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात, लेकरेही सोबत जातात, आणि परत यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. अर्धे वर्ष एका शाळेत, अर्धे वर्ष कोप्यावर. त्यांच्यासाठी साखर शाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी कार्डही निघाले. त्या कार्डावर मुलाचे नाव असते, इयत्ता असते. मूल नेमके काय शिकले आणि पुढे कुठून शिकवायचे, हे फडाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना कळेल अशी नोंद मात्र क्वचितच हाती येते. राजदूताच्या मुलासाठी जगाने जी व्यवस्था केली, तिची गरज ऊसतोड कामगाराच्या मुलाला अधिक आहे.

त्यासाठी नवे मंडळ लागणार नाही, परवाना लागणार नाही आणि इंग्रजी माध्यमही लागणार नाही. गंगाखेड तालुक्यातल्या एका केंद्राने आणि ज्या भागात तिथल्या टोळ्या जातात तिथल्या एका केंद्राने मिळून तिसरी-चौथीच्या गणिताचे आणि भाषेचे समान टप्पे ठरवले, मुलाच्या कामाचे नमुने त्याच्यासोबत दिले, आणि वर्षातून दोनदा दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकमेकांकडची वह्या-उत्तरे तपासली, तर ते खऱ्या अर्थाने शाळांचे संघटन होईल. १९६२ साली जिनिव्हात जमलेल्या इतिहास शिक्षकांनी याहून जास्त काही केले नव्हते. त्यांच्याकडे सुरुवातीला पैसाही नव्हता आणि अधिकारही नव्हता. होती ती एका विषयापासून आरंभ करण्याची तयारी.

दिल्ली सरकारनेही २०२१ मध्ये स्वतःचे शालेय मंडळ काढून आयबीशी करार केला होता. सरकारे असे प्रयोग पुढेही करत राहतील. एखादे दिवशी आपल्या राज्यातही पुन्हा एखादे ओजस-तेजस येईल. त्या वेळी परभणीच्या शाळांची निवड व्हावी म्हणून अर्ज घेऊन पुण्याला धावण्यापेक्षा आपल्या केंद्रांत हे काम आधीच चालू असलेले बरे. तेव्हा नऊही तालुक्यांतल्या केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे : येत्या शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते तासाभरासाठी बाजूला ठेवा. एक इयत्ता, एक विषय, एक सामाईक प्रश्नपत्रिका एवढेच ठरवा आणि उत्तरपत्रिका शेजारच्या शाळेकडे तपासायला द्या. दिवाळीत टोळ्या निघण्याआधी पहिली फेरी व्हायला हवी.